अर्धा सूर खाली

बाबा,

तुमच्यावर संशय घ्यायला मी आईकडून शिकले. सिंगापूरच्या हॉटेलातलं सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपवून तुम्ही पुण्याला घरी आलात की आई आधी तुमची बॅग उघडायची, मग चहा टाकायची. शर्टांचा वास घ्यायची, पँटचे खिसे उलटे करायची. त्यातून निघायचं काय, तर गिटारच्या तुटलेल्या तारांची भेंडोळी आणि गुलाबी कागदातल्या साबणाच्या छोट्या वड्या. "अहो, हा साबण बायकी वासाचा आहे." तुम्ही बूट काढता काढता म्हणायचात, "हॉटेलचा आहे गं. सगळ्या खोल्यांत तोच असतो." "सगळ्या खोल्यांत कशाला गेला होतात?" तुम्ही हसायचात, आणि ते हसणंही तिला संशयास्पद वाटायचं. मला तर तुमचे फोटोसुद्धा तसेच वाटायचे. पुढे गाणारा, त्याच्यामागे ड्रमवाला, आणि अगदी कडेला अर्धा खांदा आणि गिटारचा दांडा, ते तुम्ही. हा माणूस पूर्ण फोटोत का येत नाही, असं मला लहानपणी वाटायचं. काहीतरी लपवल्याशिवाय कोण असं उभं राहतं?

गिटार, बेस, कीबोर्ड, मेंडोलिन, माउथऑर्गन, ज्या बँडला जे कमी पडेल ते तुम्ही वाजवायचात. कुणाचा वादक आजारी पडला की फोन तुम्हाला. तीस गाणी दोन दिवसांत बसवायची आणि तिसऱ्या दिवशी गेली दहा वर्षं याच बँडमध्ये आहोत अशा चेहऱ्याने स्टेजवर उभं राहायचं. दुबई, मस्कत, एक जहाज, आणि मग परत परत सिंगापूर. तुमचं स्वतःचं असं एकही गाणं नाही. मी एकदा विचारलंही होतं, बाबा, तुमचं गाणं कोणतं? तुम्ही म्हणालात, "आज रात्री जो गाणार असेल, त्याचं."

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी मी इथे सिंगापूरला आले. नवऱ्याच्या नोकरीमुळे, असं सगळ्यांना सांगते. आता नोव्हेना भागातल्या एका घशाच्या डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये फ्रंट डेस्क सांभाळते. गेल्या महिन्यात एक म्हातारा माणूस काठी टेकत आला, नंबराची चिठ्ठी घेतली आणि माझ्या छातीवरच्या, माहेरचंच आडनाव असलेल्या बिल्ल्याकडे बघत राहिला. मी मनात म्हटलं, आला एक. तो खरखरत्या इंग्रजीत म्हणाला, "या आडनावाचा एक गिटारवाला होता माझ्याकडे. चहात चार चमचे साखर घालायचा."

चार चमचे. मी उठून उभीच राहिले.

तोच तुमचा गायक, बाबा. फोटोत पुढे असायचा तो. माझा पहिला प्रश्न तुम्हाला आवडणार नाही. मी विचारलं, "अंकल, खरं सांगा, माझ्या बाबांची इथे कोणी बाई होती का?" तो इतका हसला की त्याला खोकला आला. मग इथल्या लोकांसारखं वाक्याला "लाह" जोडत म्हणाला, "बाई? त्याला वेळ कुठे होता? दुपारभर तारा पिळत बसायचा, लाह! त्याच्या खोलीत झोपायला जागा नसायची, पलंगावर मेंडोलिन असायचं." आई हे ऐकायला हवी होती. पण तिनेही विश्वास ठेवला नसता. माझाही अर्धाच बसला.

मग त्याने ते सांगितलं. एका वर्षी त्याचा आवाज बसायला लागला होता. वरचे सूर लागेनात, मॅनेजर दुसरा गायक शोधायला लागला. आणि एका आठवड्यात त्याचा आवाज परत आला. तोच जोर, तेच सूर, लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. कितीतरी वर्षांनी बेसवाल्याने त्याला सांगितलं की आवाज वगैरे काही आला नव्हता. तो हॉटेलात पोचायच्या आधी तुम्ही गिटारच्या सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवून ठेवायचात, बेसवाल्याला तेच करायला लावायचात, कीबोर्डचं सूर बदलायचं बटण स्वतः एक घर खाली सरकवायचात. बोटं त्याच जागी पडायची, त्यामुळे समोरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही. "मी वर्षभर त्याच्यावर चिडलो होतो," म्हातारा म्हणाला. "मग म्हटलं, माझी नोकरी राहिली ना."

मी हसले, त्याची पुढची तारीख लिहून दिली, आणि मग मला आमचं शाळेचं गॅदरिंग आठवलं.

मी चौदा वर्षांची आहे. संगीताच्या बाई पेटी उघडून विचारताहेत, "पट्टी काय गं तुझी?" आणि मी मान वर करून सांगते आहे, "काळी पाच." वर्गात इतक्या वर कोणी गात नाही, मला त्याचा केवढा माज आहे. शेवटच्या कडव्यात माझा आवाज रोज फाटतो, ते मी सर्दीवर ढकलते. तुम्ही त्या दिवशी साथीला येता आणि बाईंना म्हणता, "आज पेटी नको. नुसती गिटार." बाई दुखावतात. "पेटीशिवाय? अहो, पोरीला आधार काय राहणार?" "मी आहे ना," तुम्ही म्हणता. त्या दिवशी माझा आवाज फाटत नाही. पहिलं बक्षीस मिळतं. स्कूटरवर मागे बसलेल्या मला तुम्ही सांगता, "चांगली गायलीस. खोटं नाही सांगत."

बाबा, आयुष्यभर मी कुणाचं कौतुक खरं मानलेलं नाही. नवरा आमटी छान झाली म्हणाला की हा कुठलं काम विसरला असेल असं मनात येतं. तुमचं तेवढं एक वाक्य मी न तपासता ठेवलं होतं. त्याच्या जोरावर इथल्या मंडळात मी दर दिवाळीला सोलो गाते. पेटी असती तर बाईंनी काळी पाचच धरली असती, आणि तुम्ही गिटार खाली उतरवली असती तर लगेच कळलं असतं. म्हणून पेटी नको होती का? आपल्या दोघांचंच गाणं असावं म्हणून ती बाजूला केलीत, असं मी बत्तीस वर्षं समजत होते. आणि खोटं नाही सांगत, हे मुद्दाम कशाला म्हणालात? मी विचारलं होतं का?

लेकीला सांगितलं तर ती फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "सो व्हॉट, ममा? आजोबांनी हेल्प केली लाह. आता सगळेच मशीन लावून गातात." मी म्हटलं, मग मी गायले होते की नाही? तिने डोकं वर काढलं. "तू गायलीस ना. आजोबा थोडेच गायले?" बोलायला सोपं आहे. या वर्षी मंडळाच्या पेटीवाल्याने पट्टी विचारलेला मेसेज आठवडाभर तसाच पडला आहे. मी उत्तर दिलेलं नाही.

परवा म्हातारा पुन्हा आला. क्लिनिक भरलेलं होतं. तो थेट काउंटरशी आला, काठी अडकवली आणि म्हणाला, "घरी गेल्यावर आठवलं. तुझ्या शाळेच्या कार्यक्रमात तो वाजवायला गेला होता ना? त्यानंतर इथे परत आला तेव्हा आम्हाला तेच सांगत होता. तुझ्या गाण्याबद्दल काय म्हणाला माहितीये?"

मी म्हटलं, "अंकल, तुमचा नंबर आलाय. आत जा."

तो बिचारा गडबडीने काठी घेऊन गेला. नर्सने त्याला दारातूनच परत पाठवलं असणार. मी तोवर जेवायची सुट्टी घेऊन खाली उतरले होते. त्याच्या आधी तिघं होते, बाबा.