वरचा पुढचा डावा दात

२२ डिसेंबर, सकाळी ११

दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. त्यांनी आरशाच्या दांडीने पुढच्या दातावर टिचकी मारली आणि मी खुर्चीतून चार बोटं वर उठलो. म्हणाल्या, जुन्या फिलिंगखाली पोकळ झालंय. गोड किती खाता? मी म्हटलं, बेताचं. बेताचं म्हणजे किती? मी म्हटलं, सगळे खातात तेवढं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. माझ्या उत्तरापेक्षा बरंच लांब होतं.

तात्पुरतं बुजवून दिलंय. उद्यापासून दवाखाना बंद, तीन जानेवारीला उघडणार. मग रूट कॅनाल आणि कॅप. तोवर साखर बंद. चिकट तर बघायचंसुद्धा नाही.

त्यांना समजावून सांगितलं की हा दात साधा नाही. शहराच्या बँडमध्ये मी चोवीस वर्षं पहिला क्लॅरिनेट वाजवतोय. क्लॅरिनेटचं तोंड ह्याच दातावर टेकतं. एक जानेवारीला दुपारी टाऊन हॉलमध्ये कार्यक्रम, त्यात माझा सोलो. बाई म्हणाल्या, मग तर जपायलाच हवं. मी म्हटलं, काळजी नको, माझा स्वतःवर जबरदस्त कंट्रोल आहे. सिगारेटचंच घ्या. मी ती कधी ओढलीच नाही.

२३ डिसेंबर

घरात मीटिंग घेतली. जाहीर केलं की सुट्टी संपेपर्यंत हे घर शुगर-फ्री. बायकोने विचारलं, दात एकाचा दुखतोय की सगळ्यांचे? मी म्हटलं, प्रश्न वातावरणाचा आहे. लेक म्हणाली, ती मैत्रिणीकडे राहायला जाते. सासूबाईंनी कवळी काढून वाटीत ठेवली आणि नुसत्या हिरड्यांनी विचारलं की आता मी नक्की काय जपू.

जप्त माल: एक प्लमकेक (आख्खा), चॉकलेटचे दोन डबे, लेकीची रंगीत जेलीची बरणी, सासूबाईंचा कॅरमेल टॉफीचा पत्र्याचा डबा. सगळं कपाटात वरच्या खणात. चावी माझ्याकडे, कारण घरात जबाबदार माणूस एकच आहे.

सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या आहेत आणि टॉफी ही त्यांची एकच चैन आहे, असं बायको म्हणाली. मला वाईट वाटलं. पण मोठ्या कामात थोडं कठोर व्हावं लागतं.

२४ डिसेंबर, दुपारी

सकाळी कपाट उघडून माल तपासला. केक बंद खणात खराब होऊ शकतो. झालेला नाही. खात्री करायला दोन तुकडे लागले, कारण एक कडेचा असतो आणि एक मधला. उजव्या दाढांनी चावले. पुढच्या दाताचा संबंधच आला नाही, तेव्हा हे मोजायचं नाही. नंतर सात मिनिटं ब्रश.

तालीम. आमची खोली अग्निशमन केंद्राच्या वर आहे. खाली घंटा झाली की गाड्या बाहेर पडेपर्यंत आम्ही थांबतो. आज तशा थांबलेल्या वेळात दुसऱ्या क्लॅरिनेटवाल्या मुलीने डबा फिरवला. स्वतः भाजलेली बिस्किटं, वर साखरेचा थर. दोनच वर्षं झाली तिला बँडमध्ये येऊन. मला 'सर' म्हणते. डाव माझ्या लगेच लक्षात आला, तिचा डोळा सोलोवर. पण नको म्हटलं असतं तर दात कच्चा आहे हे तिला कळलं असतं. म्हणून तीन खाल्ली.

बँडमास्तरांनी बाजूला घेऊन विचारलं, त्या मुलीनेही सोलो बसवून ठेवावा का, आपलं खबरदारी म्हणून. मी म्हटलं, गरजच नाही. ते म्हणाले, तिला तो येतो.

२५ डिसेंबर, दुपारी ४

मेव्हणीकडे जेवण. शेवटी चॉकलेट पुडिंग. नको म्हणणं म्हणजे तिचा अपमान, आणि ती वर्षभर लक्षात ठेवते. पुडिंग न चावता गिळलं. दाताला पत्ताच लागला नाही. घरी येताना बायको म्हणाली, साखर चावल्याने नाही, तोंडात राहिल्याने दात किडतात. मी वाद घातला नाही. तिचा ह्यात अभ्यास नाही. माझ्याकडे हा दात सेहेचाळीस वर्षं आहे.

२६ डिसेंबर

रस्त्यात तोंड उघडून श्वास घेतला तर कळ थेट डोळ्यात. थंड पाणी बंद. लवंगतेल चालू. आजपासून नियम कडक. कपाटाची चावी स्वतःहून बायकोच्या हातात दिली.

संध्याकाळी ६. चावी परत घेतली. बिचारीवर उगाच जबाबदारी टाकली होती.

२७ डिसेंबर

दातावर दाब येऊ नये म्हणून क्लॅरिनेटच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. कल्पना माझीच. सोलो चालू केला, आणि वरच्या सुराला ओठ लटपटला. जो आवाज आला तो बदकाने ऐकला असता तर वळून पाहिलं असतं. ट्रम्पेटवाले दोघे छताकडे बघायला लागले. बँडमास्तरांनी विचारलं, रीड बदललीय का? मी म्हटलं, हो, वेताची नवी पट्टी आहे, रुळायची आहे.

पुन्हा सुरू करणार तेवढ्यात खाली घंटा झाली. देवा क्षमा कर, पण मनात आलं की आग जरा मोठी असली तर आजची तालीम टळेल. कुणाच्या तरी खिडकीचा पडदा पेटला होता. वीस मिनिटांत सगळे परत.

ती मुलगी जिन्यात थांबली होती. हळूच म्हणाली, सर, दात दुखतोय ना? माझ्या बाबांचाही असाच गेला होता. ओळखीचे एक डॉक्टर सुट्टीतही बघतात, फोन करू का? मी म्हटलं, कुणाचा दात? मला काही होत नाही.

माझा दात उपटून घेण्याची घाई उघड दिसत होती.

२८ डिसेंबर

दुखतंय. जास्त लिहवत नाही. कॅरमेल गालात धरलं की दोन मिनिटं बरं वाटतं. तेव्हा ते औषधात धरायला हरकत नाही.

सकाळी बेसिनच्या आरशासमोर क्लॅरिनेट न घेताच सोलोची बोटं फिरवली. बोटांना सगळं येतंय. बायको दारात उभी होती. म्हणाली, वर्षभर तुम्ही ह्या तीन मिनिटांसाठी जगता, आणि आठ दिवस तोंड आवरत नाही तुम्हाला. मी म्हटलं, तसं काही नाही. ती गेल्यावर टॉवेल चेहऱ्यावर धरून जरा वेळ टबच्या कडेवर बसलो. टॉवेल गरम होता, शेक बसला.

२९ डिसेंबर, सकाळी ९

निर्णय झाला. मोहाचं मूळच उपटायचं. उरलेला सगळा माल पिशवीत भरून अग्निशमन केंद्रात देऊन टाकणार. ते लोक सुट्टीतही राबतात. दात वाचेल आणि समाजकार्यही होईल. चालत वीस मिनिटं. आजच जातो.

दुपारी २. वाटेत बागेतल्या बाकावर टेकलो होतो. पिशवी जड होती. ती हलकी करायचं काम थोडं थोडं करत होतो. प्रत्येक गोष्टीचा एकेकच घास, निरोपाचा म्हणून. शेवटी टॉफीच्या डब्याची पाळी आली. थंडीने टॉफी दगड झाली होती. उजव्या दाढांनीच चावत होतो, पण ती घसरून पुढे आली.

कट्. आधी वाटलं, टॉफीतच काहीतरी कडक आहे. बाहेर काढून पाहिली. तिच्यात माझा दात होता.

पिशवी तशीच केंद्रात नेऊन दिली. साहेबांनी आभार मानले, केकचा रिकामा खोका उलटा करून पाहिला, आणि विचारलं की तुम्ही तोंडावर रुमाल का धरलाय. मी म्हटलं, भरून आलं.

३० डिसेंबर

दात काडेपेटीत ठेवलाय. सकाळी च्युइंगगमने बसवून पाहिला. बिनसाखरेचं वापरलं, अशा वेळीही तत्त्व सोडलं नाही. बसला. क्लॅरिनेट लावलं, फुंकलं, दात पुस्तकांच्या कपाटामागे गेला. फुटपट्टीने काढला.

डॉक्टरीणबाईंना अकरा फोन. अकरा वेळा त्यांच्याच आवाजात सुट्टीच्या शुभेच्छा. दुपारपर्यंत ओठ एवढा सुजला की सासूबाई मला बघून घाबरल्या आणि स्वतःची कवळी पुढे करून म्हणाल्या, जावईबापू, परवापुरती ही लावून बघता का? त्या मनापासून म्हणत होत्या. त्यांच्या टॉफ्या मी खाल्ल्या, आणि त्या मला दात देत होत्या. मला पुढे बोलता आलं नाही. तसंही सुजीमुळे येत नव्हतं.

ओळखीच्या डॉक्टरांचं माझ्या तोंडून निसटलं होतं, तेव्हा बायकोने मला न विचारता बँडमधल्या त्या मुलीला फोन केला.

अर्ध्या तासात मुलगी रिक्षा घेऊन दारात. ओळखीच्या डॉक्टरांनी खरंच दवाखाना उघडला. मूळ सडलं होतं. दोन तास काम चाललं, ती बाहेर बसून होती. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस थांबला असता तर जबड्यात गेलं असतं. सहा आठवडे क्लॅरिनेट बंद. मी विचारलं, परवा फक्त तीन मिनिटं? ते हातमोजे काढत राहिले.

जिना उतरताना डोळ्यांत पाणी आलं. तिथे वारा फार होता. मुलगी माझ्या कोपराला धरून उतरत होती. खाली आल्यावर म्हणाली, सर, सोलोची शेवटची ओळ मला एका दमात जमत नाही. तुम्ही मध्ये श्वास कुठे घेता?

क्षणभर मनात आलं, चुकीची जागा सांगावी. भर हॉलमध्ये तिचा दम तुटला असता आणि लोकांना माझी किंमत कळली असती.

खरी जागा सांगितली. का, ते माहीत नाही. इंजेक्शनचा परिणाम असेल.

३१ डिसेंबर

तालीम. बँडमास्तर म्हणाले, गणवेश घालून ये, घरी बसू नकोस. मला ट्रँगल दिलाय, तो टांगलेला लोखंडी त्रिकोण. संपूर्ण कार्यक्रमात सहा टोले. मला वाटतं त्यांना तिथे अनुभवी माणूस हवा होता.

१ जानेवारी, संध्याकाळी ५

हॉल गच्च. मी मागच्या ओळीत, ढोलाच्या आड. छापील पत्रिकेत सोलोपुढे माझंच नाव, ती आधीच छापून झाली होती.

मुलगी उठली. गणवेश तोच, टोपी तीच. मी तयारीत होतो की दुसऱ्या ओळीतच काहीतरी सुटेल. सुटलं नाही. शेवटच्या ओळीला हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. मी चौथा टोला द्यायला विसरलो.

नंतर बाहेर कोट घेताना आमच्या खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर भेटले. ते आणि त्यांची बायको दरवर्षी वरच्या गॅलरीत शेवटच्या रांगेत बसतात. तिथून माणसं अंगठ्याएवढी दिसतात. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, खोटं कशाला बोलू, दरवर्षी तुमचा सोलो सुरू झाला की आम्ही उठायचो, गर्दीच्या आत गाडी निघावी म्हणून. आज ही म्हणाली, बसा. आणि बसलो. ही तर रडली हो. चोवीस वर्षांत असं वाजवलं नाहीत तुम्ही. काय केलंत?

मुलगी माझ्या शेजारी क्लॅरिनेट पुसत उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. तीच म्हणाली, सरांनी ह्या वेळी फार सोसलं.

मी मान हलवली. हेडमास्तरांना खरं काय ते सांगायचं माझ्या मनात होतं. पण त्यासाठी तोंड उघडावं लागलं असतं, आणि पुढे दात नव्हता.