सतरा नंबरचा नमुना

१२ नोव्हेंबर, मंगळवार
नूपुरला मराठी धड येत नाही, हेच तिचं भांडवल! जन्म इथलाच, कोलकात्याचा, वडील बँकेत, घरात अर्धं बंगाली. महाराष्ट्र मंडळाच्या फराळाला माझ्या नवऱ्याला, मंदारला म्हणते कशी, "मंदारदा, मी करंजी खाल्लो." काय हसला हा! आणि केवढ्या लाडाने सुधारलं — दोनदा. माझ्याही चुका काढतो की रोज. लाड नसतात त्यात.
आणि हिलाच लॅबमध्ये रोज समोर बघायचं.

१४ नोव्हेंबर
नमुन्यांची माहिती आली. शहरातल्या लोकांच्या पोटात कुठकुठले जंतू आहेत, हा आमचा प्रकल्प. नूपुर घरोघरी जाऊन शौचाच्या डब्या गोळा करते. माझ्या कॉम्प्युटरवर येतात ते नुसते नंबर आणि वस्तीचं नाव. कोणाचा कुठला ते मला कळायचं नाही, असा नियम. पण सुरुवातीला माणसं मिळेनात म्हणून मंदारची आणि माझी डबी मीच दिली होती. मी तीन, तो चार.
एका घरात राहणाऱ्यांचे जंतू एकमेकांत जातात. नवरा-बायकोचे वीस-पंचवीस टक्के तरी जुळतात. आमचे सहा!
सहा काय, खालच्या मजल्यावरच्या चक्रवर्तींशीही जुळतील.

१५ नोव्हेंबर
करायला नको ते केलं. चार नंबर सगळ्यांशी लावून पाहिला. सतराशी अठ्ठ्याण्णव टक्के! ठिकाण — बागबाजार.
नूपुर बागबाजारला राहते.
मंदारचं ते "डबा नको, बाहेरच जेवेन." "शनिवारी सेक्टर फाइव्हला काम आहे." सगळं सगळं आठवलं. जळले अगदी. तिची ती चमकी, ते खिदळणं, ते मंदारदा. दा म्हणे! दुपारी माझ्या टेबलावर पेढ्यासारखा एक संदेश ठेवून गेली. कचऱ्यात टाकला. मग हळहळले — नव्या गुळाचा होता.

१६ नोव्हेंबर, शनिवार
मंदार "कामाला" गेलाय.

१७ नोव्हेंबर
विचारलंच. टक्के-बिक्के काही काढले नाहीत. तो चहा घेत होता. म्हटलं, "मला सगळं कळलंय." उडवून लावेल, वेडी आहेस म्हणेल — खरं तर मला तेच हवं होतं. त्याने कप खाली ठेवला.
"तुला कसं कळलं?"
मग हळूच, "मी सांगणारच होतो."
ओरडले, "तिच्यासमोर रोज बसते मी!"
"कोणासमोर?"
"नूपुर!"
"नूपुर? तिचा काय संबंध?"
अजून तिलाच पाठीशी घालतोय! उठले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

१८ नोव्हेंबर
नूपुरच्या टेबलावर कागद आपटला. सतरा कोण? पोरगी घाबरली. "मंदारदाच ना, ताई! सर बोलले, एक नमुना दोन नंबरने टाक, तुमचं काम बरोबर येते का बघायला. पत्ता मी माझाच लिहिला."
खरंच की! दोन माणसांचे अठ्ठ्याण्णव टक्के कधी जुळतच नाहीत. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते!
म्हणजे नूपुर नाही.
मग काल तो मला कोणाबद्दल "सांगणारच होतो" म्हणाला?