डिमर काढणाऱ्याला लेथ मिळणार नाही

मी, खाली सही करणारा, वय चोवीस, शिक्षण सातवी (पुढे मास्तर कंटाळले), सध्या कंपनीच्या खोलीत राहणारा, पूर्ण शुद्धीत, न पिता आणि कोणी न शिकवता हे लिहून ठेवतो. सोमवारपासून मला धुराड्याच्या आतल्या विटा काढायला वर चढायचं आहे. सुपरवायझरने सगळ्यांकडून वारसाचा फॉर्म भरून घेतला. त्यात एकच ओळ होती. माझं एका ओळीत मावत नाही.

कलम १. घरात माझा असा जिन्याखालचा कोपरा आणि त्यातला लेथ. दोन्ही धाकट्या बहिणीला. थोरल्या भावाला नाही. तो रडला तरी नाही.

कलम २. लेथ म्हणजे बाजारातला नव्हे. जाड फळीवर पट्टीने आवळलेलं ड्रिल, समोर टोक काढलेला बोल्ट, मधे फिरणारं लाकूड, हत्यार टेकवायला लोखंडी अँगल. मी बनवत होतो तेव्हा भाऊ त्याला डबडं म्हणायचा. आता येणाऱ्याजाणाऱ्याला "आमचा लेथ" म्हणून दाखवतो. त्याने त्यात आजवर एक स्क्रूसुद्धा पिळलेला नाही.

कलम ३. वेग कमीजास्त करायला मी आधी पंख्याचा रेग्युलेटर लावला होता. तो जळाला. वायरमन पोट धरून हसला, पण ड्रिलला झेपेल असा मोठा डिमर त्यानेच बसवून दिला. त्याला माझी रुंद पटाशी द्यावी. हसला म्हणून धार न लावता द्यावी.

कलम ४. धाकटीसाठी. जाड लाकूड हळू, बारीक जोरात. आधी हाताने एक फेरा फिरवून बघ, कुठे अडत नाही ना. बटण दाबायच्या आधी डिमर शून्यावर. हळू चालताना ड्रिलचा आतला पंखाही हळू फिरतो आणि ते तापतं, म्हणून अधूनमधून लाकूड काढून रिकामं जोरात फिरव. हे तुला येतं. कानशीच्या मुठी तू माझ्यापेक्षा गुळगुळीत काढतेस, हे तोंडावर कधी बोललो नाही.

कलम ५. हे घरात कोणाला माहीत नाही. भावाला बघायला मुलीकडचे आले होते त्या दिवशी लाकूड उडून वडिलांच्या कपाळाला नऊ टाके पडले. मी ओंडका बसवून, डिमर शून्यावर ठेवून पाणी आणायला गेलो होतो. भाऊसाहेबांना होणाऱ्या सासऱ्यासमोर कारागीर दिसायचं होतं. त्याने डिमर शेवटपर्यंत पिळला आणि बटण दाबलं. मग सगळ्यांसमोर म्हणाला, "याच्या डबड्याने घात केला." लग्न मोडू नये म्हणून मी गप्प बसलो. वडिलांनी मला त्याच संध्याकाळी घराबाहेर काढलं. लग्न झालं. त्याने साधी पत्रिका पाठवली नाही.

कलम ६. परवा धाकटीचा फोन आला. भावाने डिमर काढून ड्रिल सरळ जोडलंय, म्हणजे बटण दाबताच पूर्ण वेग. म्हणतो, बायकांच्या हातात गेलं म्हणून हळू चालत होतं. टेबलाच्या पायांचं काम त्याने परस्पर घेतलंय आणि उभं मात्र तिला करतो.

मी म्हणालो, "तू हात लावू नकोस."

"मग कोण करणार? तो तर लांबूनच सांगतो."

भावाला फोन केला. म्हणाला, तू तिकडे विटा मोज. इतकी अक्कल एका माणसाला पुरून उरते, म्हणून त्याला माझ्याकडून आणखी काही देण्याची गरज नाही.

कलम ७. वेल्डर म्हणतो, असे कागद माणूस गेल्यावर उघडतात. मी कधी जाईन ते धुराड्याला माहीत, पण टेबलाच्या पायांचं जाड लाकूड येत्या आठवड्यात येतंय. म्हणून हे मृत्युपत्र मी जिवंत असतानाच लागू आहे. मूळ कागद आजच वडिलांच्या नावाने टपालात टाकतो. वडिलांनी तो सुनेसमोर, भावाला बसवून, मोठ्याने वाचावा. कलम पाच वगळू नये. मला परत बोलवायचं की नाही ते त्यांनी नंतर ठरवावं. आधी उठून ड्रिलची पिन बोर्डातून काढावी.

साक्षीदार १: वेल्डर, शेजारचा पलंग. (पूर्ण वाचून सही केली. भावाला आणखी शिव्या हव्या होत्या असं त्याचं मत.)
साक्षीदार २: खानावळीचा आचारी. (न वाचता सही केली.)

स्थळ: कामगार खोली, तिसरा मजला
दिनांक: ९ तारीख, शनिवार, टपाल निघायच्या आत

सही: धाकटा मुलगा