‘तिसरा क्रॉस’चा खरा लेखक

रविवार, २ फेब्रुवारी
बंगळूरच्या आमच्या मराठी मंडळात तिळगूळ समारंभ. पुण्याहून आलेली, एचएसआर लेआउटला राहणारी ऋचा भेटली. आयटीत आहे, पॉडकास्ट करते. म्हणाली, काका, तुम्ही श्यामलाअक्कांचे शेजारी ना, मग ‘तिसरा क्रॉस’ खरंच त्यांनीच लिहिलीय का? म्हणे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय, एवढी गाजलेली कादंबरी, पण कारखान्याची प्रकरणं कुणा इंजिनिअरनं लिहून दिलेली दिसतात. बाईमाणसाला एवढं कुठून माहीत.
मी इंजिनिअर. सरकारी कारखान्यात उभी हयात गेली.
मी काही बोललो नाही. नुसता हसलो. तोंडात लाडू होता. हसण्याचा कोण काय अर्थ काढेल, त्याला माझा इलाज नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
अर्थ काढला. मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आहे: ‘जयनगरमधले एक निवृत्त इंजिनिअर, अक्कांच्या अगदी जवळचे.’ मंडळातल्या योगीराजचा फोन आला, दामोदरपंत, छुपे रुस्तम निघालात. मी छे छे म्हणालो. त्याच्या मते माझ्या छे छे मध्ये दम नव्हता. घसा बसलाय, दम कुठून येणार.
प्रेमा म्हणाली, अहो, सरळ लिहून टाका ना ग्रुपवर, तो मी नाही म्हणून.
बरोबर आहे. उद्या सकाळी चहाच्या आधी लिहायचं. नक्की.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
लिहिलं नाही. विचारपूर्वक लिहिलं नाही. मेसेजमध्ये माझं नाव नाही. नाव नसताना आपण होऊन नाकारायचं म्हणजे चोराच्या मनात चांदणं.
शिवाय माझा अगदीच संबंध नाही असंही नाही. अक्कानं एकदा कंपाउंडवरून विचारलं होतं, लेथच्या ‘चक’ला मराठीत काय म्हणतात रे? मी म्हणालो, चकच. ते पुस्तकात आलं असणार. बघायला हवं. तिनं सही करून दिलेली प्रत कपाटात आहे, वाचायची तेवढी राहिलीय.
तसं पाहिलं तर यजमान गेल्यावर बोम्मसंद्र्याचं त्यांचं वर्कशॉप अक्कानं एकटीनं वीस वर्षं चालवलं. नव्या मंडळींना हे माहीत नाही. मला माहीत आहे. ऋचाला सांगायचं राहून गेलं.

रविवार, ९ फेब्रुवारी
पार्कात मंडळींनी बाकावर माझ्यासाठी जागा केली. नंतर दर्शिनी हॉटेलात त्यांच्यातल्याच गुरुदत्तनं माझं कॉफीचं कूपन काढलं. म्हणाला, सर, कारखान्याचा भोंगा काय लिहिलाय तुम्ही. मी म्हणालो, भोंगा लिहावा लागत नाही, तो ऐकावा लागतो. हे वाक्य मला आयत्या वेळी सुचलं. म्हणजे लेखक माझ्यात आहेच.
संध्याकाळी माझी दुसरी कादंबरी सुरू केली. दुसरी म्हणजे पहिली. शीर्षकाच्या विचारात जेवायची वेळ झाली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
वाईट झालं. भाषा दिनाच्या कार्यक्रमात, यंदा रविवार गाठून २ मार्चला, अक्काचा सत्कार होणार होता. मंडळाचे अध्यक्ष गुरुप्रसाद म्हणतात, शंका फिटेपर्यंत सत्कार पुढे ढकलू. त्याऐवजी ऋचा स्टेजवर कादंबरीची चर्चा घेणार. बोलायला मी.
दुपारी अक्का आली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, उन्हातून आली, बस म्हटलं तरी बसली नाही. म्हणाली, “दामोदर, त्या दिवशी उठून एक वाक्य बोलशील का? कादंबरी तू लिहिली नाहीस, एवढंच.”
मी म्हणालो, अक्का, एक काय, दहा बोलेन.
“एक पुरे,” ती म्हणाली. “सरी, बरं तर, येते.”
प्रेमा तिला गेटपर्यंत सोडून आली. मग माझ्याशी बोलली नाही. तिचा स्वभावच आहे तो.

बुधवार, २६ फेब्रुवारी
भाषण तयार. चार पानं. बंगळूरमधला मराठी माणूस, यंत्रयुग, स्त्रीची प्रतिभा, सगळं घेतलंय. अक्काचं वाक्य अगदी शेवटी. आधी वातावरणनिर्मिती हवी. पुस्तकही वाचायला घेतलं होतं, पण भाषणामुळे चाळिसाव्या पानाच्या पुढे सरकता आलं नाही.

रविवार, २ मार्च
लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो.
हॉल भरला होता. अक्का पहिल्या रांगेत, राखाडी इरकलीत. ऋचानं माइक दिला तेव्हाच वाक्य बोलायचं होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते. निवृत्तीच्या समारंभानंतर माझ्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं. म्हटलं, स्वल्प थांबू. दोन मिनिटं.
ऋचानं विचारलं, गुंडोच्या शेवटाबद्दल काय सांगाल?
गुंडो म्हणजे फिटर, नायक. नायकाचा शेवट म्हटल्यावर मी काय समजणार. मी म्हणालो, गुंडोचं मरण अटळ होतं. ते कागदावर उतरवताना हात थरथरतो.
हॉल चिडीचूप. मला वाटलं, भारावले.
ऋचा हळूच म्हणाली, “काका, गुंडो मरत नाही. तो शेवटी सायकलचं दुकान टाकतो.”
मग हसले. आधी मागचे, मग सगळे. योगीराज तर डोळे पुसत होता. अक्का हसली नाही. ती खाली मान घालून पदराचं टोक सारखं करत होती.
तेव्हा मी ते वाक्य बोललो. ऋचा म्हणाली, हो काका, आता कळलं.
प्रेमा वेगळी ऑटो करून घरी आली.

मंगळवार, ४ मार्च
सत्कार पुन्हा ठरला. अफवा संपली. एका अर्थी अक्कावरचा आळ माझ्यामुळेच पुसला गेला. हे प्रेमाला बोलून दाखवलं. ती म्हणाली, हे बाहेर कुठे बोलू नका.

गुरुवार, ६ मार्च
आज अक्काकडे गेलो. चुकलो म्हणालो.
तिनं हातातली शेंग सोलून टाकली. मग म्हणाली, “लोकांचं मला काही वाटलं नाही. ते मला ओळखत नाहीत. पण तू भिंतीपलीकडे होतास. सहा वर्षं मी पहाटे व्हरांड्यात फेऱ्या मारत वाक्यं मोठ्यानं म्हणून बघायची. झोपमोड होते म्हणून तू तक्रारसुद्धा केली होतीस.”
केली होती. प्रेमाकरवी.
“या महिन्यात दोनदा मीच माझी पानं काढून बघितली,” ती म्हणाली. “मीच लिहिलंय ना म्हणून.”
तिनं कॉफी दिली. नसती दिली तर बरं झालं असतं.

रविवार, १६ मार्च
कादंबरी वाचून संपली. चांगली आहे. चांगली म्हणजे, दुकानाची पाटी रंगवताना गुंडो आपलं नाव चुकवतो तिथे मला पुस्तक मिटून बसावं लागलं.
सगळा आमचा क्रॉस, आमची गल्ली, आहे त्यात. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, होंगेचं म्हणजे करंजाचं झाड, पाण्याचा टँकर, अक्काचा व्हरांडा, ती कंपाउंडची भिंतही. भिंतीपलीकडे कोण राहतं ते मी बारकाईनं शोधलं.
तिथे रिकामा प्लॉट आहे. गवत वाढलंय. कधी कधी गाय येते.
पुन्हा एकदा पाहिलं. प्लॉटच आहे.
प्रेमानं विचारलं, काय झालं? काही नाही म्हणालो.