सुताराची चूक

माय,

परवा तुझा चरखा पाहिला. कामरगावला, शाळेच्या मागच्या एका खोलीत. तिथल्या एका निवृत्त गुरुजींनी गावोगाव फिरून जुने चरखे गोळा केले आहेत आणि त्या खोलीला ते मोठ्या हौसेने संग्रहालय म्हणतात. स्वराज्य आलं तसे लोकांनी चरखे माळ्यावर टाकले, काहींनी तर चुलीत घातले, म्हणून हा खटाटोप, असं त्यांचं म्हणणं. आमच्या वाशीमच्या मुलींच्या शाळेने मला पाठवलं होतं, मुलींची सहल नेण्यासारखं काही आहे का ते बघून यायला. बाकीच्या शिक्षिकांना रविवारी घर असतं. मला नसतं, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. वाटेत मोटार किन्हीराजाला थांबली. मी उतरले नाही. आपल्या घरात आता दुसरेच लोक राहतात. बसल्या जागेवरून पाहिलं, ओळखीचं एकही तोंड दिसलं नाही, आणि मोटार सुटली तेव्हा खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

खोलीत भिंतीला लागून चरखे मांडले होते आणि प्रत्येकाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली होती: कोणत्या गावचा, कशाच्या लाकडाचा. तुझा अगदी शेवटी, खिडकीखाली होता. मुठीवर तू गुंडाळलेली चिंधीसुद्धा तशीच होती, मळून काळी झालेली. मी जाऊन चिठ्ठी वाचली. ‘किन्हीराजा. बाभूळ. सुताराच्या चुकीमुळे उलटा बनला. कातण्यास निरुपयोगी.’ गुरुजींचं अक्षर फार वळणदार आहे. मी ती चिठ्ठी तीन वेळा वाचली, कारण ते शब्द माझे होते.

तू डावखुरी होतीस. आता हा शब्द मी सहज लिहिते, पण आपल्या घरात तो शिवीसारखा वापरला जायचा. वाढायचं, कुंकू लावायचं, देवापुढे दिवा ठेवायचा तो उजव्या हाताने, आणि तुझा उजवा हात नेहमी थोडा उशिरा पुढे यायचा. तेवढ्यावरून कोणी ना कोणी टोमणा मारायचंच. माझाही डावाच हात आधी जायचा. मी चुलीपाशी जेवायला बसले आहे, डाव्या हाताने भाकरी मोडते आहे, आणि तू उलथन्याच्या दांड्याने माझ्या बोटांवर फटका मारतेस. मी भोकाड पसरते. तू भाकरी थापायची थांबतेस. “मले काय हौस हाये वं तुले मारायची? माया हातापायी मी जे भोगून राह्यली, ते तुया हाताले नको.” मग माझी बोटं पदरात धरून फुंकर घालतेस. त्या माराने माझा हात सुधारला. फळ्यावर माझं अक्षर असं येतं की तपासायला आलेले साहेबसुद्धा नाव घेतात. आणि तुझ्यासारखी एखादी पोर वर्गात आली की तिच्या डाव्या हातातली पेन्सिल काढून मी उजव्या हातात देते.

गावात चरख्यांचं वारं आलं तेव्हा तू शेजारणीच्या चरख्यावर आठ दिवस झगडलीस आणि मग सरळ सुताराकडे गेलीस. मी तुझा पदर धरून उभी होते. सगळ्यांच्या चरख्याचं चाक उजव्या हाताला असतं आणि चाती, सूत गुंडाळलं जातं ती सळई, डाव्या हाताला. तुला सगळंच उलट हवं होतं. सुताराने रंधा खाली ठेवला. “बाई, लोकं मले हासतीन. म्हनतीन, याले साधा चरखा बी बनवता येत नाई.” तू म्हणालीस, “हासू द्या. कातनार तं मी हावो.” परक्या माणसाशी तू इतकं ताठ बोललेली मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. त्याने जीव लावून चरखा केला, कुरकुर म्हणून नाही. त्यावर तुझ्या सुताला पीळही उलटा पडायचा. कोष्टी म्हणायचा, हे दुसऱ्या कोणाच्या सुतात मिसळता येत नाही, आणि तुझं वेगळं ठेवायचा. त्याचं वेगळं कापड विणलं आणि त्याचा माझा परकर झाला. जाडाभरडा, पण सगळाच्या सगळा तुझ्या एकटीच्या सुताचा. मी तो घालून गावभर मिरवले होते.

मग शाळेच्या पटांगणात सगळ्या बायांनी मिळून सूत कातायचं ठरलं. भर दुपार आहे, वर कापडाचा मांडव आहे, अमरावतीहून चष्मा लावलेल्या एक बाई पाहुण्या आल्या आहेत. वीस-पंचवीस बायांचे उजवे हात फिरताहेत आणि रांगेच्या मधोमध तुझा एकटीचा डावा. माझ्या वर्गातल्या पोरी तोंडावर हात ठेवून हसताहेत. पाहुण्या बाई तुझ्यासमोर थांबतात आणि विचारतात, हा चरखा असा कसा? तू मान वर करतेस. तू सांगणार होतीस, माय. सुताराशी बोलतानाचाच तो चेहरा होता, मी ओळखला. पण त्याआधीच मी उठले आणि शाळेत शिकलेल्या शुद्ध भाषेत म्हणाले, “सुताराची चूक आहे, बाई. आईचा दोष नाही.” बाई हसल्या. माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, मुलगी हुशार आहे हं. तू मान खाली घातलीस. तुझा धागा तुटला. मला वाटलं, मी तुला वाचवलं.

दुसऱ्या दिवशी सुतार दारात आला. या म्हटलं तरी आत आला नाही. “हासतीन हे तं मी पयलेच बोललो होतो, बाई. पन चूक म्हनतीन, असं नोतं वाटलं.” मी दाराआड उभी होते. तू जराही न अडखळता म्हणालीस, “पोरीवर राग नका धरू. मीच सांगतलं होतं तिले तसं म्हनायले.” तो निघून गेला. त्यानंतर तो आपल्याकडे कधी आला नाही. भाकरीसाठी मला मारणारी तू, यावर एक शब्द बोलली नाहीस. मी मार खायला तयार होऊन दोन दिवस वाट पाहिली. तुझा चरखा चावडीतल्या अडगळीत गेला; गुरुजींना तो तिथूनच मिळाला असणार, आणि गावाच्या तोंडून माझं वाक्यही. शेजारणीचा आणून तू उजव्या हाताने कातू लागलीस, सूत सारखं तुटायचं, मग तेही बंद झालं. परकर मला आखूड झाला. दुसरा झाला नाही.

गुरुजी मागे येऊन उभे होते. म्हणाले, “याच्यावर कोनाच्यानंच सूत निंगत नाई. पोरं गंमत म्हनून फिरवतात. तुमी बी पाहा.” त्यांनी कापसाचा पेळू हातात दिला. मी खाली बसले आणि डावा हात आपोआप मुठीवर गेला. सूत निघालं, माय. बारीक, एकसारखं, हातभर, मग आणखी हातभर. इतक्या वर्षांत मी कधी काही कातलं नव्हतं, पण तुझ्या मांडीवर बसून तुझ्या हातावर हात ठेवलेला असणार, ते वळण हाताने सोडलं नव्हतं. मला रडू आलं, ते मी खोकल्यावर नेलं. गुरुजी थक्क झाले. “अवं बाई! कसं जमलं हे? हा चरखा जिचा होता ते बाई तुमच्या कोनी होत्या काय?”

मी म्हटलं, “नाही. मी वाशीमची.”

ते पाणी आणायला गेले तेवढ्यात मी दोरा तोडून ती चिठ्ठी पिशवीत टाकली. मुलींना चोरी करू नये म्हणून सांगणारी मी. पाणी प्याले, सहल आणायला हरकत नाही असं म्हणाले आणि मोटारीची वेळ झाली म्हणून निघाले.

ती चिठ्ठी आता समोर ठेवली आहे. मागची बाजू कोरी आहे. तिच्यावर खरं काय ते लिहायचं, जाऊन गुरुजींच्या हातात द्यायची आणि ती माझी माय होती म्हणून सांगायचं, असं ठरवून मी शाळेतून आल्यावर टाक हातात घेतला होता. त्याऐवजी हे पत्रच लिहीत बसले. चार पानं झाली, चहाही तसाच गार झाला. खोलीत विचारायला कोणी नाही, कोणाला लिहिते आहेस म्हणून. तुला अक्षर येत नव्हतं, माय, म्हणून तुला सगळं लिहून मोकळी झाले. ज्यांना वाचता येतं त्यांच्यासाठीची ती एक ओळ मात्र अजून लिहिलेली नाही.