"मला दे" म्हणायचं, घ्यायचं नाही

४ जानेवारी, रविवार
पुन्हा हरलो! बॉल लाइनीबाहेर गेला की आम्ही सगळ्या त्याच्यामागे. ऋतिका बॉल डोक्यावर धरून उभी — आणि फेकायला जागाच नाही. नऊच्या नऊ जणी तिच्या पुढ्यात गोळा! सुनील सर ओरडले, "कबड्डीची साखळी हाय का गं ही? सुटा की!" साखळी सोडायची नाही हे पाच वर्षं तुम्हीच शिकवलंत, सर. फुटबॉल तर गेल्या वर्षीचा. अर्थात हे मनातल्या मनात. तोंडावर बोलायची हिंमत नाही.

पंधरवड्यावर मोहोपाड्याची स्पर्धा. जिल्ह्याचा संघ निवडणारे तिथे येणार. मला त्या संघात जायचंच आहे.

७ जानेवारी
सुचलं!! भांडी घासताना. कबड्डीत चढाईला गेलं की आपण डाव्या कोपऱ्याला झुकतो, अख्खी साखळी तिकडे सरकते, उजवा कोपरा मोकळा. तेच इथे! मी "मला दे, मला दे" करत ऋतिकाकडे धावायचं. मला अडवणारी माझ्यामागे येणार. तिने सोडलेल्या जागेत भागी घुसणार — भागी म्हणजे वाडीवरची, आमच्यात सगळ्यात वेगवान. आणि थ्रो-इनला ऑफसाइडही नसतो, भागी कितीही पुढे उभी राहिली तरी चालतं!
सर डोकं खाजवत म्हणाले, "करून बगा."

९ जानेवारी
जमेना. भागीसुद्धा माझ्याच मागे येते! "तू एवडी वरडतेस, मला वाटतं मलाच बोलावलंस," म्हणते. कपाळावर हात मारून घेतला.

१३ जानेवारी
जमलं. लागोपाठ चारदा!

१८ जानेवारी, रविवार
जिंकलो! जिंकलो! तीन-एक! तिन्ही गोल थ्रो-इनवरून, तिन्ही भागीचे. लांब वेणीवाली मला अडवायला होती, ती दर वेळी माझ्यामागे आली. तिसऱ्यांदाही! त्यांची कॅप्टन किंचाळतेय, "तिला सोड, तिला सोड!" — पण मी ओरडतेच अशी की मलाही वाटतं बॉल आता मलाच मिळणार.

टेंपोत गाऊन गाऊन घसा बसला. एक मात्र खुपलं, खोटं कशाला लिहू. निवडणाऱ्यांनी भागीचं नाव, गाव, वय विचारलं. माझ्याकडे बघितलंही नाही. घरी आईचं पहिलं वाक्य — "तू किती मारलेस?" एकही नाही. तरी ही मॅच मी काढली, मला माहीत आहे! सुकट-भाकरी तीन खाल्ल्या.

२२ जानेवारी
यादी आली. माझं नाव आहे. भागीचं नाही.
सर फोनवर म्हणाले, "गोल मारनाऱ्या त्यांच्याकडं हायेत. जागा करनारी नव्हती." त्याआधीच भागी वाडीवरून धावत आली होती. "तुजं नाव हाय गं अक्षदे!" "तुझं?" मी विचारलं. "माजं नाय. हे घे माजे बूट, तुजे फाटलेत."
रडले मी, ती नाही. बूट एक नंबर मोठे होतात. पुढे कापूस घालीन.