चिंध्यांचा धूर

८ जानेवारी

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

सातवा महिना लागला. पोट एवढं पुढे आलंय की चपला अंदाजानेच घालते. हे पुन्हा दौऱ्यावर, त्यामुळे बोलायला मी आणि माझं पोट. डॉक्टरीणबाई सगळं ठीक म्हणतात, तेव्हा पुढच्या महिन्यात मी तुझ्याकडेच येते. मागच्या खोलीतली बाबांची मोडकी सायकल हलव, नाहीतर बाळाआधी तिलाच दुपट्यात गुंडाळावं लागेल.

बाबांचा खोकला गेला का? मागच्या पत्रात तू त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस. त्यांना म्हणावं, कारखान्याच्या बॉयलरला भरवता तसे चार घास स्वतःही खात जा.

तुझी माया आहे तशीच राहो, कणभर जास्त माझ्या वाट्याला येवो.
तुझी ठमी

१७ जानेवारी

चि. सौ. ठमीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून जीव सुपाएवढा झाला. पण तू इकडे येऊ नयेस असं मला वाटतं. मागच्या खोलीची भिंत ओलीने फुगलीय, गवंडी आज येतो, उद्या येतो करतोय. शिवाय तुझी डॉक्टरीणबाई चांगली आहे. इथे ऐनवेळी कोण भेटेल, सांगता येत नाही. आणि स्वयंपाकघरात तुझं-माझं दोन दिवसांवर पटत नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

बाबा ठणठणीत आहेत. शेजारच्या शिंपीणबाईंची लेक सासरी परत गेली. हल्ली मी खिडक्या लावूनच घेते, थंडी फार.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी आई

२ फेब्रुवारी

चि. सौ. ठमीस,
अ. उ. आ.

तुझं रागाचं पत्र आलं. मी परकी झाले का, हे तू विचारलंस ते वाचून आई दिवसभर घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. तिकीट काढलंस म्हणतेस, ते परत कर. मी सहसा पत्र लिहीत नाही, यावरून काय ते ओळख.

भिंत कोरडी आहे. गवंडी कुणी बोलावलेलाच नाही. पावसाळा संपल्यापासून मालकांनी कोळसा कमी करून बॉयलरमध्ये चिंध्या जाळायला घेतल्या. नायलॉन, रबर लावलेलं, रंगवलेलं, जे येईल ते. थंडीत तो धूर वर जात नाही, सकाळी गल्लीत उतरून बसतो.

शिंपीणबाईंची लेक बाळंतपणाला इथेच होती. बाळ अपुऱ्या वजनाचं झालं. श्वास घेताना त्याच्या फासळ्या आत ओढल्या जायच्या. तुझी आई त्याला तासन्‌तास घेऊन बसायची. तिच्या मांडीवरच ते गेलं. धुराने गेलं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. धुराने नाही, असंही म्हणाले नाहीत. तेव्हापासून ती खिडक्यांच्या फटींत कापडाचे बोळे कोंबते, आणि मला बाहेरच कपडे बदलायला लावते. भट्टीत चिंध्या घालणारा मीच, हे मात्र ती बोलून दाखवत नाही.

तूच तिला तिकडे बोलाव. डॉक्टरीणबाईंनी प्रवास बंद केला म्हणून लिही. माझं पत्र आलंच नाही असं समज.

बापावर जीव असू दे, त्याचे हात कसेही असोत.
तुझे बाबा

२१ मार्च

ठमीच्या बाबांस,
सा. न.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. तिने असा टाहो फोडला की नर्सबाई हसल्या. मी मात्र तिचं पोट वरखाली होतंय ना, ते बघत उभी राहिले. अजूनही बघते. ठमी ओरडते, म्हणते, झोपू दे तिला. नाक तुमच्यावर गेलंय, त्याला इलाज नाही.

ठमीने तुमच्या पत्राचं सांगितलं. तिच्या पोटात कधी काय राहिलंय? मी रागावले नाही. मला ते लिहिणं जमलं नसतं. इथे शेजारी कुणी खोकत नाही, तर मला झोप लागत नाही. ठमी म्हणते, तुम्हीही आता इकडेच या. त्या घरात परत यायची मला भीती वाटते, आणि तुम्ही तिथे एकटे आहात याचीही. यांतली मोठी कुठली, ते कळत नाही.

लोभ असू द्यावा, आणि उत्तर लवकर.
ठमीची आई

३० मार्च

सौ. ठमीच्या आईस,
अ. आ.

नात झाल्याचं साऱ्या पाळीला सांगत सुटलो. दुसऱ्या दिवशी मालकांकडे गेलो आणि चिंध्या घालणार नाही म्हणून सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही. खुर्ची दिली, नातीची चौकशी केली, आणि उद्यापासून येऊ नका म्हणाले. दुपारी माझ्या जागी दुसरा माणूस उभा होता. मला वाटलं होतं, धूर निदान एक दिवस तरी थांबेल.

संध्याकाळी शिंपीणबाईंच्या घरी जाऊन भट्टीत काय घालत होतो ते सगळं सांगितलं. हे चारचौघांत सांगाल का, एवढंच त्यांनी विचारलं. सोमवारी गल्लीतल्या बायका कारखान्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी साहेबांकडे जाणार आहेत. मी हो म्हटलं.

कालपासून दोन अनोळखी माणसं समोर चहा पीत आपल्या दाराकडे बघत बसतात. उठून जातात, परत येतात. मला भीती वाटते, तुझ्यापासून काय लपवायचं. तू इतक्यात येऊ नकोस. ठमीला यातलं काही सांगू नकोस, ओली बाळंतीण आहे.

सोमवारी शिंपीणबाई मला बोलवायला येणार आहेत. पण घरात वाट बघत बसलो तर माझा धीर सुटेल. मीच आधी जाऊन त्यांच्या दारात उभा राहीन.

लोभ आहेच. पुढे काहीही कानावर आलं, तरी तो ठेव.
ठमीचे बाबा